एक्कावन्न परवाने

वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला आकड्यांची भीती वाटत नाही. उलट आकड्यांवर त्याचा जरा जास्तच विश्वास बसतो. काटेवाल्यांचं तसंच झालं होतं. मालधक्क्याबाहेरच्या काट्यावर त्यांनी गावात येणारे-जाणारे सगळे ट्रक तोलले होते. निवृत्त झाले, दोन महिने घरी बसून बायकोच्या पायात पायात आले, आणि मग शेजाऱ्यांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. उतरायच्या आत ते एकोणीस मतांनी नगरसेवक झाले होते. त्यांचं खरं नाव मतपत्रिकेवर छापलं गेलं तेवढंच. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांसाठी ते पुन्हा काटेवाले.

दोन वर्षांत त्यांनी सभागृहात एकच गोष्ट मागितली होती. छोटा धंदा काढणाऱ्याला परवान्यासाठी नगरपरिषदेच्या पाच खिडक्यांपुढे पाच दिवस उभं राहावं लागायचं. त्याऐवजी दर बुधवारी प्रभागातल्या वाचनालयात एक कारकून बसवा, फी निम्मी करा आणि कागद त्याच दिवशी हातात द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. अर्थसंकल्पात त्यासाठी छोटीशी तरतूद झाली, खिडकी सुरू झाली, आणि काटेवाले ती बाब विसरूनही गेले.

म्हणून सोमवारी सकाळी नगरपरिषदेचा लखोटा आला तेव्हा त्यांना वाटलं, पाणीपट्टीचं काहीतरी असेल. आतला कागद त्यांनी दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा बायकोला वाचायला दिला.

बायको आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली. तिला कोणताही मजकूर ठणठणीत आवाजात वाचायची सवय होती. "स्थानिक आर्थिक वाढ, प्रभागनिहाय प्रगती," ती वाचू लागली. "प्रभाग सात. गेल्या वर्षी चालू व्यवसाय दोनशे बारा, या वर्षी दोनशे त्रेसष्ट. वाढ एक्कावन्न. सर्व प्रभागांत प्रथम क्रमांक. शुक्रवारच्या अर्थसंकल्पीय सभेत माननीय सदस्यांनी आपल्या कामाविषयी पाच मिनिटे बोलावे." तिने चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, प्रभाग सात म्हणजे आपलाच ना?"

"आपलाच."

"मग हे एक्कावन्न आहेत कुठे? परवा मला शर्टाचं बटण हवं होतं, तर दोन गल्ल्या पालथ्या घातल्या मी."

काटेवाल्यांना तो प्रश्न आवडला नाही. आयुष्यात पहिला नंबर त्यांचा कधीच आला नव्हता, आणि आलेल्या नंबराला असं बटणावरून टोकणं बरं नव्हे. पण पाच मिनिटं बोलायचं म्हणजे दोनचार नावं, दोनचार उदाहरणं तर लागणारच. ते जेवण उरकून नगरपरिषदेत गेले आणि लेखापाल बाईंकडून नव्या परवान्यांची यादी मागून घेतली. बाई हसऱ्या होत्या. यादीला टाचणी मारता मारता म्हणाल्या, "अभिनंदन बरं का साहेब. तुमच्या खिडकीने कमाल केली."

मंगळवारी सकाळी यादी खिशात घालून काटेवाले निघाले. पहिला पत्ता पंपांच्या कारखान्यामागच्या चाळवजा इमारतीचा होता. हा कारखाना आठ महिन्यांपूर्वी बंद पडला होता. फाटकाला साखळी होती, आणि साखळीला एवढं मोठं कुलूप, की आत काही मौल्यवान राहिलं असावं असं वाटावं.

यादीत लिहिलं होतं, 'यंत्रदुरुस्ती केंद्र'. जिन्याखाली एक स्टूल होतं, स्टुलावर एक माणूस, आणि त्याच्यापुढे पंख्याची उघडलेली मोटर. काटेवाल्यांनी त्याला ओळखलं. कारखान्यात लेथवर असायचा.

"केंद्र हेच का?" त्यांनी विचारलं.

"हेच," लेथवाला म्हणाला. "बसा ना. पण स्टूल एकच आहे."

"कसं चाललंय?"

"चाललंय म्हणजे काय, साहेब, कारखान्यातून काढलं, मग बसून काय करणार? तुमची खिडकी होती म्हणून कागद तरी मिळाला. पंखे बिघडतात उन्हाळ्यात. बाकीचे महिने बघू."

दुसरा पत्ता वरच्याच मजल्यावर, कारखान्यातला रंगारी. त्याने घरांना रंग द्यायचा परवाना काढला होता. तिसरा कारखान्यातला पहारेकरी, सायकलींची पंक्चर काढायला लागलेला. चौथ्याचं दार बंद होतं. शेजारीण म्हणाली, परवाना काढला तो बँकेच्या कर्जासाठी, कर्ज मिळालं नाही, आता तो मुलीकडे गेलाय राहायला. दुपारपर्यंत काटेवाल्यांनी सोळा पत्ते केले. त्यातले अकरा जण कारखान्यातून घरी बसलेले निघाले.

कारखाना बंद झाला हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. गावात कोणाला माहीत नव्हतं? नव्वद माणसं एका दिवसात रस्त्यावर आली होती. पण ती गोष्ट त्यांच्या डोक्यात एका खणात होती, आणि एक्कावन्नचा आकडा दुसऱ्या. हे दोन खण एकाच कपाटाचे आहेत हे त्यांना भर उन्हात, पहारेकऱ्याच्या पंक्चरच्या टबाशेजारी उभं असताना कळलं. तोंडाची चव गेली त्यांच्या.

बरं, आता हे सगळं खोटंच आहे असं ठरवावं, तर सतराव्या पत्त्याने तेही करू दिलं नाही. तिथे एक बाई पुठ्ठ्याची खोकी बनवत होती. कारखान्यात ती पॅकिंगला होती. पुढच्या खोलीत पुठ्ठ्यांची चळत छताला लागलेली, दोन बायका मापं घेऊन कापतायत, आणि ती स्वतः पिना मारतेय.

"या, या!" ती उठलीच. "अहो, तुमच्यामुळे उभी आहे मी. कारखान्यात बारा वर्षं दुसऱ्याची खोकी भरली. आता माझी खोकी सहा दुकानांत जातात. पगारापेक्षा जास्त सुटतात हातात. कारखाना बंद झाला ते बरंच झालं म्हणायचं." मग स्वतःच जीभ चावून म्हणाली, "म्हणजे, बरं झालं असं नाही. शेजारचे अजून घरीच आहेत. पण माझं झालं बाई बरं."

काटेवाले तिथून बाहेर पडले ते आणखी गोंधळून. एका पत्त्यावर त्यांना वाटायचं, आपण लोकांना फसवतोय. पुढच्या पत्त्यावर लोक त्यांचे आभार मानायचे. तळ्यात की मळ्यात, पाय कुठे टाकावा तेच कळेना.

आणि एकतिसाव्या ओळीवर त्यांच्या मेहुण्याचं नाव होतं. नाव पाहून ते थबकले, आणि मग चव्वेचाळिसाव्या ओळीवरही तेच नाव दिसलं.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कारखान्यात ओतकामावर होता. नोकरी गेल्यावर "माझं बघतोय काहीतरी" एवढंच म्हणायचा. तो दारातच जुन्या स्कूटरला मागे खोकं बांधत होता.

"दोन परवाने?" काटेवाल्यांनी नमस्कार-चमत्कार न करताच विचारलं.

मेहुणा कानापर्यंत लाल झाला. "भावजी, एक मिक्सर-इस्त्री दुरुस्तीचा. दुसरा लोकांचं सामान घरी पोचवायचा. दोन्ही मिळून अर्धं पोट भरतं."

"अरे, मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? ताई लगेच डबे पाठवायला लागली असती. आणि तुम्ही कुणाकडे तरी शब्द टाकला असता. मग लोक म्हणाले असते, नगरसेवकाचा मेहुणा." त्याने दोरीची गाठ आवळली. "ताईला सांगू नका, भावजी. हात जोडतो."

एका घरात दोन धंदे, आणि घर अर्धपोटी. काटेवाल्यांनी यादीची घडी घातली, ती नीट पडेना, मग तशीच खिशात कोंबली.

बुधवारी ते पुन्हा लेखापाल बाईंच्या टेबलासमोर बसले. "बाई, मला एक समजावून सांगा. नवे किती ते तुम्ही लिहिलंत. बंद किती पडले?"

"बंदचा रकाना नाही ना, साहेब."

"का नाही?"

"परवाना काढायला माणूस येतो. बंद झाला हे सांगायला कोण येतो? कुणी रद्द केला तर आम्ही वजा करू. गेल्या तीन वर्षांत एकही आला नाही."

काटेवाल्यांनी विचारलं, "पंपांचा कारखाना?"

बाईंनी संगणकात पाहिलं. त्यांचा हसरा चेहरा जरासा ओशाळला. "चालू दिसतोय. त्यांनी परवाना परत केलेला नाही."

"म्हणजे नव्वद माणसांना घरी बसवणारा कारखाना चालू, आणि ती माणसं जिन्याखाली बसली तेही चालू?"

"कागदावर तसंच आहे." बाईंनी आवाज खाली आणला. "आणि साहेब, दुसरं एक सांगते, रागावू नका. तुमचा प्रभाग पहिला आलाय ना, म्हणून खिडकीची तरतूद पुढच्या वर्षी प्रभाग तीनला जातेय. मागे पडलेल्याला आधी द्यायचं, असा नियम आहे."

"हा नियम कोणी केला?"

"सभेनेच, गेल्या वर्षी." बाईंनी वही फिरवून दाखवली. "तुम्हीही हात वर केला होता."

केला होता. त्या दिवशी त्यांना तो नियम फार न्यायाचा वाटला होता. आजही वाटत होता, हीच तर खरी पंचाईत होती. वाढ झाली म्हणावं तर खिडकी जाते. वाढ झाली नाही म्हणावं तर खिडकी कशाला ठेवायची, असं विचारतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गुरुवारी संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसले. बायको समोर भाजी निवडत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. मेहुण्याचं तेवढं गाळलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं? वाढ झालीय?"

"तेच कळत नाही ना! अगं, ट्रक पाहिला की मी डोळ्यांनी टनाचा अंदाज सांगायचो. इथे एवढी घरं पाहिली आणि काही सांगता येत नाही."

"मग तेच सांगा."

"पाच मिनिटं 'मला कळत नाही' असं सांगू?"

"एक मिनिटात सांगा. बाकीची चार वाचतील लोकांची." तिने निवडलेल्या काड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. "आणि माझ्या भावाचं नाव घेऊ नका सभेत. एकतीस आणि चव्वेचाळीस. यादी खिशात ठेवून शर्ट धुवायला टाकलात तुम्ही."

काटेवाल्यांनी आ वासला. तिने डोळ्यांना पदर लावला आणि भाजी धुवायला गेली.

शुक्रवारी सभागृह भरलेलं होतं. अध्यक्ष मोठ्या मनाचे पण घाईचे गृहस्थ. त्यांना दुपारच्या आत अर्थसंकल्प संमत करून हवा होता. "काटेवाले, आनंदाची बातमी आहे, थोडक्यात सांगा," ते म्हणाले, आणि टाळ्या सुरू करून दिल्या.

काटेवाले उभे राहिले. कागद हातात होता, पण अक्षरं लागेनात. "एक्कावन्न नवे परवाने निघाले, हे खरं आहे," ते म्हणाले. "मी तीन दिवसांत सगळे पत्ते पाहिले. त्यातले तेहेतीस पंपांच्या कारखान्यातून काढलेल्या माणसांचे आहेत, हेही खरं आहे. काहींचं बरं चाललंय. काहींचं अजिबात नाही. आणि आपल्या कागदावर कारखानासुद्धा चालू आहे." टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. "मी काट्यावरचा माणूस. ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा, आणि मग वजा करून मालाचं वजन सांगायचं. आपण भरलेलाच तोलतोय. रिकामा कुणी तोललाच नाही. मग मी माल किती सांगू?"

विरोधी बाकावरचा वकील ताडकन उठला. "ऐका! अध्यक्षांचेच सदस्य म्हणतायत, वाढ खोटी आहे!"

"खोटी आहे असं मी म्हटलं नाही," काटेवाले म्हणाले.

"म्हणजे खरी आहे?" अध्यक्षांनी घाईने विचारलं.

"खरी आहे असंही म्हटलं नाही."

"अहो, मग झाली की नाही वाढ? एका शब्दात सांगा!"

"माहीत नाही."

"हे दोन शब्द झाले," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळं सभागृह खो खो हसलं. काटेवाल्यांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण ते खाली बसले नाहीत. घसा खाकरून म्हणाले, "खिडकी आणखी सहा महिने ठेवा. नवे मोजता तसे बंद पडलेलेही मोजा. मग प्रभाग तीनला द्या, मी स्वतः नेऊन देतो."

यावर जो गोंधळ उडाला तो विचारू नका. बंद पडलेले मोजले तर आपलाही आकडा उतरेल, हे बाकीच्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. प्रभाग तीनची सदस्या, शाळेतून निवृत्त झालेली बाई, म्हणाली, "माझ्याकडे तर नवेही नाहीत आणि बंदही नाहीत, मला खिडकी मिळणार की नाही तेवढं सांगा!" वकील काटेवाल्यांच्या बाजूने बोलत होता, आणि तो का बोलतोय हे काटेवाल्यांना कळत नव्हतं. अध्यक्ष त्यांच्याकडे असे पाहत होते, जणू काटेवाले रातोरात पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

शेवटी मुख्याधिकाऱ्यांनी उभं राहून वाचलं, "तरतूद सहा महिने हलवू नये, या दुरुस्तीला ज्यांचा विरोध नाही, त्यांनी हात वर करावेत."

काटेवाल्यांनी हात वर केला. मग 'हलवू नये' आणि 'विरोध नाही' यांची त्यांनी मनात बेरीज-वजाबाकी केली आणि हात खाली घेतला. कोपऱ्यात बसलेल्या लेखापाल बाईंनी डोळे मोठे केले, तसा पुन्हा वर केला. त्यांच्या हाताकडे पाहून तिघाचौघांचे हात वरखाली झाले. मोजणी दोनदा झाली. दुरुस्ती एका मताच्या फरकाने संमत झाली. अट एकच पडली: बंद पडलेले धंदे सदस्यांनी स्वतः हिंडून मोजायचे, त्यासाठी माणूस मिळणार नाही.

सभेनंतर दोघांनी त्यांचं अभिनंदन केलं, आणि एकाने खांद्यावर हात ठेवून "वाईट वाटून घेऊ नका," म्हटलं. आपण जिंकलो की हरलो, हे कुणाला विचारावं, हा विचार करत ते घरी आले.

मोजणी सोपी असेल असं त्यांना वाटलं होतं. शटर वर असेल तर चालू, खाली असेल तर बंद. पण पहिल्याच दिवशी अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून एक शिंपी वाकून बाहेर आला आणि म्हणाला, "बंद लिहू नका हो. आज गिऱ्हाईक नाही म्हणून ओढलंय." एका छापखान्याचं कुलूप गंजलं होतं, पण मालक म्हणाला, "मुलगा परत आला की सुरू करायचाय, परवाना ठेवलाय." मुलगा कधी येणार, हे विचारायचं धाडस काटेवाल्यांना झालं नाही. त्यांनी वहीत तिसरा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, 'विचारून पाहणे'. तो रकाना सगळ्यांत लांब झाला. कारखान्याच्या मालकाला मात्र त्यांनी तीन पत्रं पाठवली, आणि तिसऱ्यानंतर परवाना टपालाने परत आला, सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती.

दोन महिन्यांनी, एका बुधवारी, काटेवाले वाचनालयातल्या खिडकीशेजारी बसले असताना मेहुणा आला. त्याने दोन्ही परवाने टेबलावर ठेवले.

"हे रद्द करा," तो कारकुनाला म्हणाला.

कारकुनाने काटेवाल्यांकडे पाहिलं. रद्द करायचा अर्ज त्याच्याकडे नव्हताच. कुणी मागितलाच नव्हता. त्याने कोरा कागद पुढे केला.

"काय झालं रे?" काटेवाल्यांनी विचारलं. "दोन्ही बुडाले?"

"नाही भावजी. त्या खोकीवाल्या बाईकडे लागलो. तिला मोठी मागणी आलीय, कापायचं यंत्र घेतलंय, आणि यंत्रावर बसणारं कुणी नाही. पगार ठरलाय, महिन्याच्या महिन्याला. लेथवालाही येतोय सोमवारपासून, त्याचाही कागद देईन आणून." तो हसला. गेल्या वर्षभरात काटेवाल्यांनी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. "ताईला मी सांगून आलो. आधी रडली, मग मला ओरडली."

दुपारी काटेवाले वही घेऊन नगरपरिषदेत गेले. लेखापाल बाईंनी नवा रकाना उघडला. तो आखल्यापासून पहिल्यांदाच कुणी स्वतःहून रद्द करायला आलं होतं. "प्रभाग सात," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "वजा दोन. आणि पुढच्या आठवड्यात आणखी एक, म्हणजे वजा तीन. अरेरे. तुमचा आकडा घसरायला लागला, साहेब."

"घसरला नाही हो," काटेवाले म्हणाले. "तिघांचं भलं झालं. म्हणजे दोघांचं. परवाने तीन, माणसं दोन."

"मग अधिक लिहू?"

काटेवाल्यांनी वही जवळ ओढली. रकाना त्यांनीच भांडून मिळवलेला. खोकीवाल्या बाईचा परवाना आधी एक होता, आताही एकच आहे. तिच्याकडे दोनाची चार माणसं झाली, ती कुठे लिहायची?

"वजाच लिहा," ते शेवटी म्हणाले. "नियम आहे तो. पण शेजारी शेरा मारायला जागा आहे का?"

बाईंनी पट्टी लावून पाहिलं. "एका ओळीची आहे."

मग त्या दोघांनी, कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं उरली असताना, एका ओळीत काय लिहावं यावर डोकं लावलं. बाई म्हणाल्या, 'नोकरी लागल्याने'. काटेवाले म्हणाले, पण मग पुढच्या वर्षी कुणी तरी विचारेल, नोकरी लागली तर धंदा का कमी झाला. बाई म्हणाल्या, विचारू दे की. शेवटी तेच लिहिलं. काटेवाल्यांनी खाली सही केली आणि शिक्क्याच्या शाईचं बोट रुमालाला पुसत ते बाहेर आले. कोपऱ्यावर त्यांनी बायकोला फोन लावला आणि विचारलं, येताना काही आणायचं आहे का.

"बटणं," ती म्हणाली. "पांढरी, चार भोकांची. मिळाली तर."